पाटीवरचा दर नंतर वाचा

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

नमस्कार सर. आम्ही विट्याजवळ राहतो. आमचे हे माध्यमिक शाळेत शिक्षक होते, ५८ पूर्ण होऊन मागच्या महिन्यात निवृत्त झाले. फंड, ग्रॅच्युइटी, पेन्शन विक्री मिळून ३४ लाख खात्यावर आलेत. आयुष्यात एवढी रक्कम एकत्र पहिल्यांदाच पाहिली. बाजारपेठेतल्या एका चौकात पतसंस्था, नागरी सहकारी बँक, राष्ट्रीयीकृत बँक, स्मॉल फायनान्स बँक आणि पोस्ट, सगळं शेजारी-शेजारी आहे. पतसंस्था १०.५ टक्के देते, तिथे माझ्या नणंदेचा मुलगा शाखाधिकारी आहे. तो म्हणतो, मामा, सगळे इथेच ठेवा. नागरी बँक ८ टक्के म्हणते, स्मॉल फायनान्सवाले साडेआठ. पेन्शनच्या बँकेतल्या साहेबांनी 'दरवर्षी ५ लाख, पाच वर्षं, गॅरंटीड' अशी एक योजना सांगितली. पोस्टात कुणी काहीच सांगितलं नाही. ह्यांचं म्हणणं असं की एफडी, आरडी, कर्ज, लॉकर सगळीकडेच मिळतं, मग फरक व्याजाचाच, म्हणून पतसंस्था. मुलगी बारावीला आहे, पुढे इंजिनिअरिंगचं बघायचंय. मला रात्री झोप लागत नाही. काय करावं?
— एक वाचक, सांगली जिल्हा

---

ताई,

पहिलं काम सांगतो, कारण त्याला मुदत आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतर मिळते हे बहुतेकांना माहीत असतं. पण ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यालाही ती मिळते. अट एवढीच की निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं. पूर्वी ही मुदत एकच महिना होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये ती वाढवली. मुदत चुकली तर सरांना साठ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं थांबावं लागेल. तेव्हा बाकीचा निर्णय पंधरा दिवस लांबला तरी चालेल, हा लांबवू नका. शाळेकडून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला याच आठवड्यात मागून घ्या. खातं पोस्टातही उघडतं आणि तुमच्या पेन्शनच्या बँकेतही.

पोस्टात कुणी काही सांगितलं नाही असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या सगळ्या पत्रात मला हेच वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटलं. चौकातल्या पाच जागांपैकी ज्या जागेची तुम्हाला आत्ता सर्वांत जास्त गरज आहे, तिथे बोलवायला कुणी उभं नव्हतं. जिथून बोलावणं आलं त्या प्रत्येकाला तुमच्या ठेवीतून काहीतरी गाठायचं आहे, कुणाला ठेवींचं उद्दिष्ट, कुणाला विम्याचं. त्यात वाईट काही नाही, त्यांची ती नोकरीच आहे. पण त्यामुळे कोण बोलावतंय यावरून काय योग्य हे ठरत नाही.

आता सरांच्या मुद्द्याकडे येतो. सगळीकडे सगळं मिळतं, असं पाटी वाचून कुणालाही वाटेल, कारण पाट्या एकसारख्याच असतात. मुदत ठेव, आवर्त ठेव, सोनेतारण, लॉकर. पण या पाच संस्थांना कायद्याने काय-काय करायची मुभा आहे आणि काय करता येत नाही, हे प्रत्येकीचं वेगळं आहे. त्याहून मोठा फरक म्हणजे पैसे अडकले तर जबाबदार कोण. ते पाटीवर लिहिलेलं नसतं.

पतसंस्थेपासून सुरुवात करतो, कारण तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. संध्याकाळी भाजीवाल्या मावशीच्या गाडीशी पिग्मी एजंट येऊन उभा राहतो, पन्नास-शंभर रुपये घेतो, हातातल्या छोट्या मशीनमधून पावती फाडून देतो. त्याच मावशीला गणपतीच्या आधी माल भरायला तीस हजार लागतात, तेव्हा तिला ओळखणारी एकच संस्था गावात असते. सोनं घेऊन गेलं तर अर्ध्या तासात पैसे मिळतात. बँक ज्याच्याकडे मान वर करून बघत नाही, त्याच्यासाठी पतसंस्था आहे, आणि ते काम ती बँकेपेक्षा चांगलं करते.

पण ती बँक नाही. तिची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली सहकार खात्याकडे असते. मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत काम करणारी असेल तर २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली, आणि मग तिचा निबंधक दिल्लीत बसतो. रिझर्व्ह बँकेचा तिच्याशी संबंध येत नाही. ठेवी तिला फक्त सभासदांकडून घेता येतात, म्हणून तुमचा भाचा आधी सरांकडून सभासदत्वाचा फॉर्म भरून घेईल. तो बहुधा नाममात्र सभासदाचा असेल, म्हणजे मताचा अधिकार नाही. थोडक्यात, वीस-तीस लाख ठेवूनसुद्धा संचालक मंडळ निवडताना सरांना हात वर करता येणार नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट, पतसंस्थेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. एक रुपयाचंही नाही.

हे संरक्षण काय ते नीट समजून घ्या, कारण सगळा निर्णय याभोवती फिरतो. बँकेवर निर्बंध आले किंवा ती बुडाली, तर प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेत मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत रक्कम ठेव विमा महामंडळ देतं. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाख होती. याचा हप्ता बँक भरते, तुम्हाला काही भरावं लागत नाही. राष्ट्रीयीकृत बँक, खासगी बँक, स्मॉल फायनान्स बँक, नागरी सहकारी बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक, सगळ्या यात येतात. एकाच बँकेच्या विट्याच्या शाखेत ४ लाख आणि सांगलीच्या शाखेत ४ लाख ठेवले तर ते ८ लाख एकत्र मोजले जातात, हे मात्र लोक हमखास विसरतात.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा पहिल्या दिवशी खातेदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येणार होते. पुढे मर्यादा वाढत गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ज्यांचे पाच लाखांच्या आत होते त्यांची सुटका विम्यातून झाली. ज्यांचे पंधरा-वीस लाख होते, त्यांना वरची रक्कम दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळण्याची योजना हाती आली. बँक एकच, पण पाच लाखांच्या अलीकडचा माणूस आणि पलीकडचा माणूस यांचं आयुष्य वेगळं झालं. त्यानंतर २०२१ मध्ये कायदा बदलला, आता निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते.

पतसंस्थेत असं काही झालं तर? सहकार खातं प्रशासक नेमतं, नंतर अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळणारा अधिकारी. कर्जवसुली होईल तसतसे पैसे मिळतात, कधी मिळत नाहीत. ठेवीदारांच्या हितासाठी १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, त्याखाली संचालकांची मालमत्ता जप्त होऊ शकते. पण तो मार्ग कोर्टाचा, आणि कोर्टाला लागायचा तो वेळ लागतो. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे बँकेची तक्रार करता येते, पतसंस्थेची नाही. तिथे तालुक्याचे सहाय्यक निबंधक आणि जिल्ह्याचे उपनिबंधक हीच दारं. मी सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात बरीच वर्षं काढली आहेत. पतसंस्था अडचणीत आली की बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं कोण असतात ते मला पाठ आहे. निवृत्त शिक्षक, निवृत्त एसटी कर्मचारी, मुंबईहून गावी परतलेले गिरणी कामगार. ज्यांच्याकडे एकरकमी पैसे आले आणि ज्यांना पुन्हा कमावायला वय उरलं नाही, ती माणसं.

साडेदहा टक्क्यांचा हिशेबही एकदा मांडून बघा. १० लाखांवर वर्षाला १,०५,००० मिळतात, ज्येष्ठ नागरिक योजनेच्या ८.२ टक्क्यांनी ८२,००० मिळतात. फरक २३,००० चा, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आत. तो कमी नाही, मान्य. पण ठेवीला साडेदहा द्यायचे तर संस्थेला तेरा-चौदा टक्क्यांच्या खाली कर्ज देणं परवडत नाही. त्या दराने मोठं कर्ज कोण घेतं? ज्याला बँकेने नाही म्हटलं तो. तो फेडतोय तोवर तुमचं व्याज येत राहतं.

इथे एक अपवाद नोंदवतो. सरांच्या शिक्षकांची पगारदार पतसंस्था असेल, तर ती वेगळ्या जातीची. तिथे कर्जदार हा नोकरदार सभासद, हप्ता थेट पगारातून कापला जातो, त्यामुळे वसुलीची चिंता पुष्कळ कमी. ठेव विमा तिथेही नाहीच, पण बाजारपेठेतल्या पतसंस्थेला आणि तिला एका मापाने मोजू नका. सरांची तिथे जुनी ठेव असेल तर घाबरून मोडायचं कारण नाही.

आता पेन्शनच्या बँकेतली 'गॅरंटीड' योजना. ताई, ती बँकेची ठेव नाही, विम्याची पॉलिसी आहे. एकाच टेबलावर बँक तीन प्रकारच्या गोष्टी विकते, हे ग्राहकाला कुणी सांगत नाही. मुदत ठेव तिची स्वतःची, तिथे जबाबदार बँक. ज्येष्ठ नागरिक योजना किंवा पीपीएफ केंद्र सरकारचं, बँक फक्त खातं सांभाळते. आणि विमा, म्युच्युअल फंड हे दुसऱ्या कंपन्यांचं, बँक कमिशनवर विकते. पासबुक तेच, साहेब तेच, शिक्का तोच, म्हणून माणसाला वाटतं सगळं बँकेचंच. पुढच्या वेळी त्यांनी फॉर्म पुढे केला की वरच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव कुणाचं आहे ते वाचा. आणि 'प्रीमियम', 'सम अश्युअर्ड', 'पॉलिसी टर्म' यातला एक जरी शब्द दिसला तरी पेन खाली ठेवा.

दरवर्षी ५ लाख, पाच वर्षं म्हणजे २५ लाख. तुमच्या ३४ पैकी २५ लाखांचा शब्द आज द्यायचा, मुलगी कॉलेजला असताना दरवर्षी भरत राहायचा, आणि मध्येच थांबलात तर भरलेल्यातलेही पूर्ण परत येत नाहीत. आयुर्विमा असतो तो कमावत्या माणसाच्या कमाईसाठी. सरांची पेन्शन चालू आहे, त्यांच्या मागे तुम्हाला कुटुंब निवृत्तिवेतन आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी एवढ्या हप्त्याच्या पॉलिसीची त्यांना गरज नाही. सही झालीच असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. 'लॉकर हवा तर पॉलिसी घ्यावी लागेल' असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. लॉकरसाठी बँक फार तर तीन वर्षांचं भाडं आणि लॉकर फोडायचा खर्च निघेल एवढीच ठेव मागू शकते.

लॉकर सगळीकडे सारखाच वाटतो ना? जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यात लॉकरमधला ऐवज गेला, तर बँकेने वार्षिक भाड्याच्या शंभरपट भरपाई द्यायची. पतसंस्थेचा लॉकर याच कंपनीचा, याच किल्लीचा असेल, पण हा नियम तिला लागू नाही. मंगळसूत्र आणि पाटल्या पतसंस्थेच्या लॉकरमध्ये असतील तर बँकेत हलवा.

नागरी सहकारी बँक आणि स्मॉल फायनान्स बँक या दोघींबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमच्या कामापुरतं त्यांना एकच माप लावायचं, पाच लाख. दोन्ही रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली, दोन्हीकडे ठेव विमा. व्याजासकट पाच लाखांच्या आत राहील एवढीच रक्कम प्रत्येकीत ठेवा. वर्षभरासाठी साडेचार लाख ठेवले तर आठ-साडेआठ टक्के धरूनही आकडा पाचच्या आतच राहतो. लहान नागरी बँकेत मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय आहे का, हे मात्र आधी विचारा. सगळ्यांना ती परवानगी नसते, आणि मुलीची कॉलेजची फी ऑनलाइन भरायची वेळ आली की तेव्हा कळून उपयोग नाही.

पोस्टात तुम्हाला एक गोंधळ भेटेल. त्याच खिडकीत डाकघर बचत बँक असते आणि २०१८ मध्ये सुरू झालेली इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकही. पोस्टमनकाका घरी येऊन अंगठा घेऊन खातं उघडतात ते बहुधा दुसरीचं. पेमेंट्स बँकेला कर्ज देता येत नाही, मुदत ठेव घेता येत नाही, आणि दिवसअखेर खात्यात दोन लाखांवर रक्कम ठेवता येत नाही. पैसे पाठवायला आणि काढायला ती चांगली. तुमचं काम पहिलीकडे आहे. तिथल्या बचत योजनांमागे केंद्र सरकार आहे, त्यामुळे पाच लाखांचं माप तिथे लावायचं कारणच नाही.

ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के चालत आला आहे. सरकार तो दर तिमाहीला जाहीर करतं, म्हणून खातं उघडायच्या दिवशी विचारून घ्या. ज्या दराने उघडलं तो पाच वर्षं तुमच्यासाठी बदलत नाही. माझ्या मते २० लाख इथे ठेवा. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ४१,००० बचत खात्यावर जमा होतील. सगळे तीस का नकोत? मुलीमुळे. वर्षाच्या आत मोडलं तर व्याज मिळत नाही, दुसऱ्या वर्षात मोडलं तर दीड टक्का रक्कम कापतात, त्यानंतर एक टक्का. फीसाठी लागणारे पैसे अशा ठिकाणी बांधू नयेत.

मुलीच्या शिक्षणासाठी स्वतःचेच सगळे पैसे काढायची घाईही करू नका. शैक्षणिक कर्ज ही गोष्ट पतसंस्थेच्या पाटीवरही दिसेल, पण ते नेहमीचंच कर्ज असतं, हप्ता पुढच्या महिन्यापासून. बँकेच्या शैक्षणिक कर्जात साधारणपणे शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, आणि ४ लाखांपर्यंत बँकेला तारण मागता येत नाही. प्रवेश निश्चित झाला की पेन्शनच्या बँकेत पहिल्यांदा याच कामासाठी जा. विमा विकणाऱ्या साहेबांना तेव्हा तुमच्यासाठी खरं काम करता येईल.

राहता राहिले १४ लाख. साडेचार नागरी बँकेत, वर्षाच्या मुदतीने, म्हणजे फी भरायच्या सुमारास हाताशी येतील. साडेचार स्मॉल फायनान्स बँकेत. चार लाख पेन्शनच्या बँकेत, त्यातले निम्मे बचत खात्यावर आणि निम्मे छोट्या एफडीत, दवाखाना किंवा घरदुरुस्तीसाठी. आकड्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल. बँकेची सगळी खाती दोघांच्या नावाने, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहील तो' अशी करून घ्या, आणि प्रत्येक ठिकाणी वारसाचं नाव लागलंय का ते पावतीवर डोळ्यांनी बघा. पेन्शनचं खातं तसं आहे की एकट्या सरांच्या नावावर, हेही याच फेरीत तपासा.

उरला एक लाख आणि भाचा. त्याला दुखवू नका. तो फसवतोय असं मला वाटत नाही. आपल्या संस्थेवर त्याचा विश्वास आहे, आणि शाखेचं ठेवींचं उद्दिष्टही त्याच्या डोक्यावर आहे. एक लाख त्याच्याकडे ठेवा, गेले तरी घर हलणार नाही एवढेच. ठेवण्याआधी त्याच्याकडून संस्थेचा छापील वार्षिक अहवाल मागा. लेखापरीक्षणाचा वर्ग 'अ' आहे की 'ब', थकबाकी किती टक्के, आणि संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना दिलेलं कर्ज किती, हे तीन आकडे त्यातून काढून द्यायला सांगा. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा व्हावी लागते, म्हणजे अहवाल छापलेला असतोच. त्याने बसून नीट समजावून सांगितलं तर चांगलं. टाळाटाळ केली तर तो एक लाखही पोस्टात.

हे सगळं सरांना तुम्ही सांगण्यापेक्षा हा कागदच वाचायला द्या. शिक्षक माणूस आहे, आकडे स्वतः मांडून बघितले की पटतील. आणि शाळेचा दाखला उद्याच मागा.